मदत हवी आहे: बाल्कनीत कोणती फुलझाडं लावू? (इंदूर)

वेदा_इं: लवकर सांगा प्लीज. पुढच्या महिन्यात मुलाची मुंज आहे, घर पाहुण्यांनी भरणार, तर बाल्कनी जरा बरी दिसायला हवी. नर्सरीतून पिटुनिया आणले, तो म्हणाला भरभरून फुलतील, आठवड्यात सगळे वाळून गेले. पाणी रोज दोनदा घालते. आता नेमकं काय आणू तेवढंच सांगा.

हिरवा_हात: दिशा कुठली? ऊन किती वेळ येतं?

लष्करचे_नाना: पिटुनिया थंडीतलं झाड, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायचं. एप्रिलमध्ये ते गळ्यात मारलं म्हणजे कमालच. मोगरा आणा, आमच्या ग्वाल्हेरला ४५ डिग्रीत पण मस्त फुलतो.

वेदा_इं: ऊन येतं हो. भरपूर.

बोगनप्रेमी: मग बोगनवेल! पाणी थोडं कमी पडलं की उलट जास्त फुलते, लाडच करायचे नाहीत तिचे.

लष्करचे_नाना: मुंजीच्या घरात काटे? पोरं धावणार तिथं. आणि वास शून्य.

बोगनप्रेमी: नाना, बाल्कनी सजवायचीये, गजरे नाही करायचेत.

बडोदेकर७: आमच्याकडे कबुतरांनी वैताग आणलाय, जाळी लावली तरी कुठून तरी घुसतात. कोणाकडे उपाय आहे का?

हिरवा_हात: कबुतरांचा वेगळा धागा काढा हो. वेदाताई, दिशा सांगितली नाहीत. आणि माती कुठली वापरलीत?

वेदा_इं: पश्चिम. माती सासरच्या शेतातली, एकदम काळी, चांगली माती आहे ती.

हिरवा_हात: शेतात चांगली. कुंडीत नुसती काळी माती भरली की वरून भेगा आणि खाली चिखल, त्यात तुम्ही दोनदा पाणी घालताय म्हणजे मुळं कुजणारच. तिच्यात शेणखत आणि जाडी वाळू मिसळा, कोकोपीट मिळालं तर तेही, आणि वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी.

स्नेहल_विजयनगर: जास्वंद नका घेऊ, पांढरी कीड इतकी लागते की नीम तेल मारून मारून मी थकले. कण्हेर पण नको, विषारी असते, लहान मुलं येणार ना.

वेदा_इं: कण्हेरीचं विचारलंच नव्हतं 😅 एक सांगा, एसीचं आउटडोअर युनिट त्याच बाल्कनीत आहे, कुंड्या त्याच्यासमोर ओळीने ठेवल्यात, चालेल ना?

हिरवा_हात: अहो ताई!! हे पहिल्या ओळीत सांगायचं ना. दिवसभर गरम वारा मारतोय तो. समोर मोगरा काय नि बोगनवेल काय, काही टिकणार नाही.

लष्करचे_नाना: टिकेल, माझा टिकला.

हिरवा_हात: नाना, तुमच्याकडे कूलर आहे.

वेदा_इं: पूर्वेला छोटी बाल्कनी आहे, कपडे वाळत घालतो तिथे. सकाळचं ऊन असतं, दहा-अकरापर्यंत.

हिरवा_हात: मग दोरी हलवा एसीच्या बाल्कनीत, कपडे पटकन वाळतील. पूर्वेला सदाफुली आणि मोगरा ठेवा, दोन्ही कळ्या आलेलेच बघून घ्या, आता बी टाकून मुंजीपर्यंत काही होणार नाही. चिनी गुलाब कठड्याला लागून, सगळ्यात जास्त ऊन जिथे पडतं तिथे, सावलीत तो उमलत नाही.

वेदा_इं: दोरीचं सासूबाईंना विचारावं लागेल.

बडोदेकर७: कबुतरांचं कोणी सांगेल का?