'मी' आला की संज्ञाप्रवाह?

अनुस्वार :
अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्यांवर लिहितोय. एकीत नायिका सगळं 'मी' म्हणून सांगते. तिला 'संज्ञाप्रवाही', म्हणजे मनात विचार जसे उमटतात तसेच मांडणारी, म्हटलं, तर खर्डा वाचणाऱ्याने रेघ मारली : 'हे नुसतं प्रथमपुरुषी निवेदन.' फरक धरायचा कुठे?

तळटीप :
रेघ बरोबर आहे. ह. ना. आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'मधली यमूही 'मी' म्हणूनच बोलते, पण घडून गेलेलं, वाचकाला समजेल असं सांगते. संज्ञाप्रवाहात ऐकणारा धरलेलाच नसतो. ओळखी करून दिल्यात का ते बघा. 'माझे मामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ' असं मनातल्या मनात कुणी म्हणत नाही. मग वाक्यांचे सांधे बघा : 'त्यानंतर', 'म्हणून' यांनी जोडलीत, की एखाद्या वासाने, अर्धवट आठवणीने? मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' (१९४२) शेजारी ठेवा, लगेच कळेल.

रफार :
मुळात शब्दच घोळ घालतो. आज 'संज्ञा' म्हटलं की पारिभाषिक नाव आठवतं. जाणीव हा अर्थ 'संज्ञाहीन'पुरता उरलाय. 'जाणीवप्रवाह' लिहा, मिटलं.

तळटीप :
मिटलं कसलं! समीक्षेत 'संज्ञाप्रवाह' रुळलाय. शिवाय त्यात नेणिवेच्या काठावरचंही येतं, ते 'जाणिवे'त कोंबणार कसं?

रफार :
ती अडचण मूळ इंग्रजी शब्दातही, 'स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस'मध्येही, आहेच. विल्यम जेम्सने १८९०मध्ये तो मानसशास्त्रात वापरला, लेखिका मे सिंक्लेरने १९१८मध्ये कादंबरीला लावला. उसन्या शब्दाचं सोवळं कशाला?

वेलांटी :
खरा घोळ तृतीयपुरुषी कादंबरीत होतो. 'ती जिना चढून आली. कुलूप कुणी काढलं?' दुसरं वाक्य तिच्या मनातलं, पण 'तिला वाटलं' नाही. हे मुक्त अप्रत्यक्ष निवेदन. लोक यालाही बेधडक संज्ञाप्रवाह म्हणतात. भाषांतरात तर हमखास चुकतं. इंग्रजीतला विचार तृतीयपुरुषात नि भूतकाळात असतो. आपण मात्र 'तो म्हणाला की मी येतो' असं बोलतो, म्हणून सवयीने 'आता काय करू मी?' लिहितो, आणि निवेदक गायब. 'आता काय करणार होती ती?' ठेवलं तर दोन्ही आवाज राहतात.

अनुस्वार :
मी म्हणतोय त्या कादंबरीत आधी सगळं क्रमाने येतं, नायिकेला ताप चढल्यावर वाक्यं तुटतात. मग?

तळटीप :
मग तेवढ्या प्रकरणाला म्हणा, अख्ख्या कादंबरीला नको.

रफार :
सोवळ्याचंच म्हणाल तर 'कादंबरी' तरी काय? बाणभट्टाच्या नायिकेचं नाव. संस्कृतात त्याचा अर्थ मद्यसुद्धा! मराठी-कन्नडने ते अख्ख्या प्रकाराला देऊन टाकलं. गुजरातीतलं 'नवलकथा' बरं, नॉव्हेलचा आवाजही सांभाळतं.

वेलांटी :
आवाज सांभाळला, पण मराठी कानाला ते परीकथेसारखं वाटतं.

रफार :
आणि हिंदीतला 'उपन्यास'?

तळटीप :
तो कानाला सरकारी वाटतो. शिवाय संस्कृतात 'उपन्यास' म्हणजे मांडणी, प्रस्ताव. गोष्टीचा त्यात पत्ताच नाही.

रफार :
मद्यात तरी कुठे आहे?