बहिणीची फॅक्टर टेस्ट नॉर्मल आली, मग हिमोफिलिया तिच्याकडून पुढं जाणार नाही का?

सेलूकर_भाऊ
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय पण वाचा. आम्ही सेलूचे, परभणी जिल्हा. माझ्या मोठ्या भावाला जन्मापासून हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त नीट गोठत नाही, सिव्हिअर, रक्त गोठवणारं फॅक्टर आठ १ टक्क्याच्या खाली. वय २७. उजवा गुडघा लहानपणापासून इतक्यांदा सुजलाय की आता पाय पूर्ण सरळ होत नाही. कापूस वेचायच्या दिवसात घरची सगळी रानात अन् हा ओसरीवर पाय उशीवर ठेवून बसलेला, हे मी कळायला लागल्यापासून बघतोय. थोरले मामा तर मी बघितलेच नाहीत, दाढ काढल्यावर रक्त थांबलं नाही अन् चौदाव्या वर्षी गेले. आजी अजून म्हणती की पोराला नजर लागली.

आता बहिणीचं जमायलंय, ती २३ ची. स्थळ जालन्याचं, माणसं चांगली आहेत. घरच्यांनी गुपचूप तिची फॅक्टर आठची टेस्ट करून घेतली, ७२ टक्के आलं. लॅबवाला म्हणाला नॉर्मल आहे, आजार पुढं जाणार नाही. घरात सगळे सुटलो म्हणायलेत, मला मात्र झोप नाही. एवढ्यावर विश्वास ठेवायचा का?

दुसरं असं की धाकट्या मामांची मुलगी भावाला करायची हे आजीच्या मनात आहे. मामा ठणठणीत आहेत. कुणी म्हणतं नात्यात केलं की आजार दुप्पट होतो, कुणी म्हणतं नात्यातली पोरगीच त्याला सांभाळून घेईल. अन् वेल्लोरला जीन बदलून हा आजार बरा करायलेत असं व्हॉट्सॲपवर आलंय ते खरं का? माहिती असलेल्यांनीच सांगा, घरगुती उपाय नकोत.

गोदाकाठ_नांदेड
भाऊ, ७२ टक्क्यांवर सुटलो म्हणू नका. मी काही वर्षं जेनेटिक लॅबमध्ये काम केलंय म्हणून खात्रीनं सांगतो. फॅक्टर आठचं जीन एक्स क्रोमोसोमवर असतं. पुरुषाकडं एकच एक्स, तो बिघडला की आजार. बाईकडं दोन, अन् तिच्या प्रत्येक पेशीत त्यातला एक एक्स गप्प बसवलेला असतो, कुठला ते नशिबावर. कॅरिअर बाईत, म्हणजे जिच्या दोनपैकी एका एक्सवर बिघाड आहे तिच्यात, चांगला एक्स जास्त पेशींमध्ये चालू राहिला तर फॅक्टर ७०, ९० काहीही येतो. म्हणजे आकडा कमी आला तर संशय पक्का होतो, पण नॉर्मल आला म्हणून कॅरिअर नाही असं होत नाही. शिवाय गरोदरपणात फॅक्टर आठ आपोआप वाढतो, तेव्हा तपासलं तर अजूनच फसगत.

तुमच्या आईचा भाऊही त्यातच गेला असेल अन् मुलालाही आहे, तर आई कॅरिअर आहेच असं धरून चाला. मग बहिणीकडं तो एक्स आलेला असायची शक्यता निम्मी. ती कॅरिअर निघाली तर तिच्या प्रत्येक मुलाला हिमोफिलिया असायची शक्यता निम्मी अन् प्रत्येक मुलगी कॅरिअर असायची निम्मी.

यावर इलाज म्हणजे आधी भावाचं रक्त तपासणं. लोक इथंच चुकतात, पोरीचं रक्त घेऊन पळतात. भावाच्या जीनमध्ये नेमका बिघाड कुठंय ते एकदा सापडलं की बहिणीत फक्त तेवढीच जागा बघायची, हो का नाही ते सरळ कळतं. आणि एक गोष्ट लिहून ठेवा, सिव्हिअर हिमोफिलिया ए मध्ये जवळपास ४५ टक्के घरांत बिघाड एकाच तऱ्हेचा असतो, त्याला इंट्रॉन २२ इन्व्हर्शन म्हणतात. या जीनच्या पोटात एक तुकडा आहे, त्याच्यासारखेच तुकडे एक्सच्या टोकाकडंही आहेत, शुक्राणू तयार होताना ते एकमेकाला चिकटतात अन् मधला भाग उलटा बसतो, जीन मधोमध तुटतं. १९९३ ला हे सापडलं. साध्या सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे जीनची अक्षरं वाचायच्या टेस्टमध्ये, हा उलटा भाग दिसतच नाही कारण अक्षरं तीच असतात, फक्त दिशा फिरलेली. म्हणून महागडी टेस्ट करून 'काही सापडलं नाही' असा रिपोर्ट घेऊन माणसं घरी येतात. आधी इंट्रॉन २२ विचारा, नंतर बाकीचं.

हे मुख्यतः पुरुषाच्या बीजात घडतं, म्हणजे आजीच्या वडिलांकडूनही ते आलेलं असू शकतं. आजींना सांगा, नजर नाही, अन् कुणा बाईचा दोष तर अजिबात नाही.

लातूरची_माय
गोदाकाठ दादांनी लिहिलंय ते माझ्याच घरात झालंय. माझा भाऊ हिमोफिलियाचा. लग्नाआधी माझा फॅक्टर ८८ आला, डॉक्टर म्हणाले काळजी नको, मी कुणाला काही सांगितलं नाही. पहिली मुलगी झाली. दुसरा मुलगा, रांगायला लागला तसे अंगभर निळे डाग. सासूबाईंना वाटलं मी मारते लेकराला. ते दिवस आठवले की अजून छातीत कळ येती. आजार निघाला त्यापेक्षा जास्त लागलं ते नवरा म्हणाला, 'तुला माहीत होतं अन् तू बोलली नाहीस.' मला खरंच माहीत नव्हतं, रिपोर्टवर विश्वास ठेवला होता.

म्हणून ताईला अंधारात ठेवून काही करू नका. २३ वर्षांची आहे ती, रक्त तिचं आहे. गुपचूप टेस्ट केली हे वाचूनच मला वाईट वाटलं. कॅरिअर निघाली तरी लेकरं होतात, व्यवस्थित होतात. ११ ते १३ आठवड्यांत गर्भाच्या वारेचा बारीक नमुना घेऊन तपासणी करता येती. लोक म्हणतात कायद्यानं बंदी आहे, तसं नाही. १९९४ च्या कायद्यात मुलगा-मुलगी बघायला बंदी आहे, पण हिमोफिलियासारख्या आजारासाठी नोंदणी असलेल्या सेंटरमध्ये तपासणीला परवानगी आहे, फक्त आधी घरातला बिघाड माहीत पाहिजे. अन् तपासणी करायची नसली तरी बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरला आधी कळलं तर चिमटा, व्हॅक्यूम टाळतात, नाळेतलं रक्त घेऊन लगेच फॅक्टर बघतात. माझ्या लेकराच्या वेळी व्हॅक्यूम लावला होता, डोक्याला मोठी गाठ आली होती, देवाच्या कृपेनं वाचला.

अंबाजोगाईचा_पेशंट
मी स्वतः हिमोफिलियाचा, वय ३४. दादाच्या गुडघ्याबद्दल बोलतो. सांध्यात रक्त गेलं की ते विरतं पण त्यातलं लोह आतल्या अस्तरात साचतं. अस्तर सुजतं, जाड होतं, त्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात अन् त्याच पुन्हा वाहतात. सूज म्हणून रक्त, रक्त म्हणून सूज. सहा महिन्यांत एकाच सांध्यात तीन वेळा आपोआप रक्तस्राव झाला की डॉक्टर त्याला टार्गेट जॉइंट म्हणतात. दुखतंय म्हणून मेडिकलमधून ॲस्पिरिन, आयब्रुफेन कधीच आणू नका, कमरेत इंजेक्शनही नको. शिरेतून फॅक्टर लगेच, बर्फ, मग फिजिओथेरपी.

वेल्लोरचं खरं आहे पण व्हॉट्सॲपवर येतं तसं नाही. पेशंटच्याच मूळ पेशी काढून त्यात चांगलं जीन घालून परत दिल्या, त्याआधी केमो द्यावा लागतो. पाच जणांवर केलं, डिसेंबर २०२४ ला छापून आलं, पाचही जणांचा रक्तस्राव थांबला. मी त्या दिवशी रडलो. पण हे अजून ट्रायल आहे, झिजलेला गुडघा त्यानं भरून येत नाही, अन् बीजातलं जीन तेच राहतं म्हणून मुली कॅरिअर होणारच. त्यापेक्षा एमिसिझुमॅबची चौकशी करा, कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन, आठवड्याला नाहीतर दोन-चार आठवड्यांतून एकदा. फॅक्टर नऊ अन् दहा यांना जवळ आणायचं काम जे फॅक्टर आठ करतो तेच ते करतं, इनहिबिटर झालेल्यांनाही, म्हणजे ज्यांचं शरीर बाहेरून दिलेला फॅक्टर हाणून पाडतं त्यांनाही, चालतं.

लग्नाचं म्हणाल तर मी बायकोला बघायच्या कार्यक्रमातच सांगितलं. दोन स्थळं आधी गेली. तिसरी ही.

जिंतूर_रोड
सगळं पटलं, पण आपल्याकडं पोरीचं लग्न मोडलं की गावभर होतं हे विसरू नका. टेस्टचं आत्ताच कशाला काढायचं, झाल्यावर बघता येईल की.

लातूरची_माय
झाल्यावरच बघितलं होतं भाऊ आम्ही. मी वर लिहिलंय.

गोदाकाठ_नांदेड
मामाच्या मुलीचं राहिलं. धाकटे मामा ठणठणीत म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक्सवर हा बिघाड नाही, मग ते मुलीला देणार कुठून? हिमोफिलियापुरतं बघितलं तर ती परक्या मुलीइतकीच. भावाच्या सगळ्या मुली कॅरिअर होतील अन् सगळी मुलं मोकळी, बायको नात्यातली असो का बाहेरची. मामांना आजार असता तर मुलगी नक्की कॅरिअर असती अन् या दोघांच्या मुलींनाही हिमोफिलिया होऊ शकला असता. आपल्याकडं कुठं कुठं बहिणीची मुलगी मामाला देतात, तिथं मामा हिमोफिलियाचा असेल तर हाच धोका. पण रक्तातल्या लग्नात थॅलेसेमिया, सिकलसेल असले आजार वर येतात, म्हणून दोघांची एचपीएलसी, म्हणजे हे आजार दाखवणारी हिमोग्लोबिनची रक्ततपासणी, करून घ्या. अन् दोघांना विचारा, आजीच्या मनात आहे एवढ्यावर नको.

सेलूकर_भाऊ
सगळ्यांचे आभार. काल रात्री बहिणीला सगळं सांगितलं, आधी चिडली, गुपचूप केलं म्हणून दोन तास बोलली नाही, मग तिनंच दादाची जुनी फाइल काढली. म्हणाली जालन्याच्या मुलाला मीच फोन करून सांगते, तुम्ही कुणी मधी बोलू नका. आई रडली. मी काही बोललो नाही.
आता भावाची टेस्ट कुठं करायची तेवढं सांगा.

गोदाकाठ_नांदेड
मुंबईला परळमध्ये केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथं हे काम होतं. देवगिरीनं रात्री बसलं की सकाळी मुंबई. आधी फोन करून दिवस विचारा. भाऊ, बहीण, आई तिघांना न्या, फाइल अन् फॅक्टरचा जुना रिपोर्ट सोबत. प्रवासात गुडघा वाकडा राहतो, निघायच्या आधी फॅक्टर द्यायचा का ते त्याच्या डॉक्टरला विचारा अन् बर्थ खालचाच घ्या.

सेलूकर_भाऊ
उपाशी पोटी जावं लागतं का?

गोदाकाठ_नांदेड
नाही, जेवून जा.