मदत हवी आहे: ठासणीच्या बंदुकीत अडकलेली गोळी बार न उडवता कशी काढायची?

मंडळी, नमस्कार. मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते. बंदुकीतलं मला काही कळत नाही, पण गेले चार दिवस नीट झोप नाही, म्हणून इथे विचारते आहे.

माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत. मुरबाडकडच्या आमच्या गावी शेतराखणीसाठी आजोबांनी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची (तोंडाकडून बंदुकीची दारू आणि गोळी गजाने ठासून भरायची) बंदूक घेतली होती. टोपीची (घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी लावायची), एकनळी, आतून सपाट. आजोबांनंतर ती बाबांच्या नावावर झाली. गावचं घर बंद केल्यावर ती आमच्या फ्लॅटमधल्या लोखंडी कपाटात आली. निवडणूक लागली की जमा करायची, निकालानंतर परत आणायची, एवढाच तिचा प्रवास. परवान्याची मुदत शिल्लक आहे.

आता ती भावाच्या नावावर करायची आहे. (परवानाधारक सत्तरीचा झाला की वारसाला अर्ज करता येतो, तशी २०१६ च्या शस्त्र नियमांत तरतूद आहे.) म्हणून साफ करायला काढली. गज घातला तर तो तळाला जाईना. बाबा जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आत बार आहे गं." म्हणजे ठासलेली दारू-गोळी. आजोबा गेले त्या वर्षी भात कापणीला आलं असताना एका रात्री रानडुकरांसाठी बाबांनी ती भरली होती. त्यांच्या आयुष्यात तेवढी एकदाच. डुक्कर आलं नाही, बार तसाच राहिला. म्हणजे इतकी वर्षं आम्ही भरलेली बंदूक रिक्षातून नेत-आणत होतो. हे लिहितानाही हात थरथरतोय.

निपलवर (टोपी बसवायच्या बोंडावर) टोपी नाही, हे पाहून घेतलं आहे. गजावर नळीच्या तोंडाशी खूण केली आणि गज बाहेरून नळीला लावून पाहिला. टोक कानापासून (नळीच्या तळाशी ठिणगी आत जायच्या भोकापासून) साडेसात इंच अलीकडेच थांबतं. बाबा म्हणतात, बार चार बोटांचाच होता, गोळी गंजात वर अडकली असेल.

बाबांचा हट्ट आहे की गावी जाऊ, नवी टोपी लावू आणि बांधाकडे तोंड करून उडवून टाकू. दारू आता मेली असेल, असंही तेच म्हणतात. एका दुकानात सांगितलं की नळी तापवून शिसं वितळवून देतो. भावाच्या ओळखीचा वागळे इस्टेटमधला लेथवाला नळीचं मागचं टोक बंद करणारा पेच खोलून द्यायला तयार आहे. यातलं काय बरोबर? नळी कापावी लागू नये एवढंच बाबांचं मागणं आहे. दस्त्यावर आजोबांचा गाल टेकून टेकून गुळगुळीत झालेली जागा आहे, बाबा तिच्यावरून अजून हात फिरवतात.

प्रतिसाद १

ताई, तिन्हीतलं एकही करू नका.

मी मूळचा सावंतवाडीकडचा, आता ऐरोलीत असतो. आमच्याकडे घरटी नाही तरी वाडीत दोन-चार ठासणीच्या असायच्याच. दारू मरत नाही. तिच्यात साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक असतो. दमट झाली की पेटायला कुरकुरते, वाळली की पुन्हा पेटू शकते. तेल ओतून ती निकामी होईल याचा भरवसा नाही. पाण्याने होते, कारण सोरा पाण्यात विरघळतो.

बाबांना सांगा, गोळी दारूवर घट्ट बसलेली नसेल आणि मध्ये पोकळी असेल, तर बार उडवताना नळीच फुटू शकते. ठासताना गोळी तळापर्यंत गेली की नाही हे पाहायला म्हातारी माणसं गज दोनदा आपटून बघायची ती यासाठीच. तुमच्या नळीत तर वर्षानुवर्षांचा गंज आहे.

तापवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. शिसं ३२७ अंशांना वितळतं. तेवढी नळी तापवायची आणि तिच्या तळाशी दारू, याचा विचारसुद्धा नको. लेथवाल्याकडे नेणं गुन्हा ठरेल, कारण शस्त्रदुरुस्तीलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. शिवाय गंजलेला पेच जोर लावून फिरवताना आत काय घासलं जाईल ते त्याला माहीत नसतं.

आज एवढंच करा: तुमच्या वर-खाली माणसं राहतात, तेव्हा बंदूक आडवी ठेवून तोंड वाळूने भरलेल्या पोत्याकडे करा. तोंड वाळूत खुपसू नका, समोर ठेवा. त्या खोलीत कोणी वावरायचं नाही. मग बाबांनी परवाना घेऊन पोलीस ठाण्यात जावं, भरलेली आहे हे स्पष्ट सांगावं आणि परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे कशी न्यायची ते विचारावं.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी हायड्रॉलिक्समध्ये काम करतो, म्हणून थोडी भर.

कारागीर आधी निपलच्या भोकातून सिरिंजने पाणी सोडून दारू भिजवेल. नंतर सरळ मार्ग म्हणजे गजाला पितळी कडं असलेला स्क्रू लावून तो गोळीत फिरवायचा आणि ओढायचं. कडं असलं की स्क्रू मधोमध राहतो, नळीला ओरखडे पडत नाहीत. लाकडी गजाचं टोक उपटून येतं, त्यामुळे धातूचाच गज हवा. आतून सपाट नळी ही तुमची जमेची बाजू. आटे असलेल्या नळीत गोळी त्यांत रुतून बसते, इथे तसं नाही. गोळी शिशाची आहे ना, हे बाबांना विचारा. सायकलचा छर्रा घातला असेल तर स्क्रू चालणार नाही.

तसं असेल तर निपल काढून तिथे ग्रीस निपल बसवतात आणि ग्रीस गनने हळूहळू दाब देतात. ग्रीस हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे गोळी उडत नाही, सरकत बाहेर येते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा मारायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्या हवेने गोळी खरोखरच सुटते.

मला मात्र साडेसात इंच खटकतात. चार बोटं म्हणजे तीन इंच. वरचे साडेचार कुठून आले? एकावर एक दोन बार तर नाहीत? हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. अमेरिकेत १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईनंतर मैदानातून २७ हजारांहून अधिक बंदुका गोळा केल्या, त्यांतल्या सुमारे २४ हजार भरलेल्या निघाल्या आणि कित्येकींत एकाहून जास्त बार होते. तसं असेल तर कानातून घातलेलं पाणी खालचाच बार भिजवेल, वरचा कोरडा राहील. कारागिराला हे मापासकट सांगा, म्हणजे तो तोंडाकडूनही पाणी भरून मुरू देईल.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. गोळी शिशाचीच आहे, बाबांनी स्वतः ओतलेली. दोन बारांचं वाचून दाखवलं तर ते म्हणाले, शक्य नाही. पण गावी जायचा विषय त्यानंतर काढला नाही.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)

काम झालं. पोलीस ठाण्यात सगळं खरं सांगितलं. ते सांगतील तसं बाबा आणि भाऊ बंदूक परवानाधारक कारागिराकडे घेऊन गेले. त्याने दोन्ही बाजूंनी पाणी भरून दोन दिवस ठेवलं. स्क्रूला पहिली गोळी तिसऱ्या प्रयत्नात आली, मागे कापडाची चिंधी आणि काळा चिखल. गज घातला तर अजून साडेतीन इंच बाकी.

दुसऱ्या गोळीखाली कापड नव्हतं, काथ्या होता. बाबा काथ्या कधीच वापरत नसत. तो बार आजोबांचा. आजोबा गेल्यावर बाबांनी बंदूक रिकामी आहे असं धरून त्यावर स्वतःचा ठासला होता. त्या रात्री डुक्कर आलं असतं तर बाबांनी चाप ओढला असता.

नळी कापावी लागली नाही. आतून गंजाचे खड्डे पडलेत, त्यामुळे यातून पुन्हा बार उडवायचा नाही असं कारागिराने बजावलं आहे आणि बाबांनी ते मान्य केलं. भावाचा अर्ज पुढे जाईल. घरी आल्यावर बाबांनी रिकाम्या नळीत गज तळापर्यंत सोडला आणि तोंडाशी कानशीने खाच पाडली. खाच तोंडाच्या वर दिसली तर आत काहीतरी आहे, हे त्यांनी भावाकडून आणि माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.