मदत हवी आहे: स्वभाव सांगणारे बोलीतले शब्द

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात मानसशास्त्रात एम.ए. करतेय. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसामाणसांतला फरक सांगणारे सुमारे १८,००० शब्द वेचले. व्यक्तिमत्त्वाचे पाच मुख्य पैलू पुढे याच वाटेनं मांडले गेले. मला मराठीत तसं करून बघायचंय. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश चाळतेय, पण बोलीसाठी माणसंच गाठायला हवीत.

आमची आजी एका शेजाऱ्याला 'आतल्या गाठीचा' म्हणते, दुसऱ्याला 'भिडस्त'. दोघंही कमीच बोलतात, म्हणून व्यक्तिमत्त्व मोजणाऱ्या प्रश्नावलीत दोघंही 'अंतर्मुख'! हे मला अजिबात पटत नाही.

कागल, गडहिंग्लज, चंदगडकडच्यांनो, तुमच्या घरातली जुनी माणसं काय म्हणतात? शब्द आणि तो कसल्या माणसाला लावतात, दोन्ही लिहा. मराठीत असं काम आधी कुणी केलं असेल तर तेही कळवा.