आकाशातले स्वातंत्र्य आणि पॅकिंग मॅटवरचे राजकारण

तिसरी कडी :
स्कायडायव्हिंगवरच्या या चर्चेतल्या ‘मुक्तपतन’ यांच्या कालच्या लेखनाचा सारांश असा, की ज्याने चार हजार मीटर उंचीवर विमानाच्या उघड्या दारातून स्वतःहून पाऊल बाहेर टाकले आहे त्याला जोखीम आणि स्वातंत्र्य या दोन्ही गोष्टी जमिनीवरच्या ‘व्हफो’, म्हणजे कधी उडी न मारलेल्या, मंडळींपेक्षा अधिक कळतात. म्हणून साथीच्या काळातले निर्बंध असोत, इंधनाचे नियम असोत वा निवडणुका, आपल्या मंडळींच्या मताला जास्त वजन असायला हवे. आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी पॅराशूटच्या घड्या घालण्याच्या मॅटवर ढग हटण्याची वाट पाहत बसलेल्या माणसांत राजकारण काढून वातावरण बिघडवू नये. म्हणजे यांचे राजकारण सांगून झाले की बाकीच्यांनी तोंड मिटायचे. एरवी मी हे वाचून पुढे गेले असते. पण हीच भूमिका मी चार वर्षे प्रत्येक ढगाळ दिवशी ऐकत आले आहे आणि आज वारा पडण्याची चिन्हे नसल्यामुळे सविस्तर लिहायला वेळही आहे.

ज्याला आपण आपले धैर्य म्हणतो त्याचा मोठा भाग दुसऱ्यांच्या शिलाईत आणि दुसऱ्यांनी केलेल्या नियमांत आहे. मुख्य पॅराशूट अंगाला जोडणाऱ्या खांद्यावरच्या तीन कड्या एकदा नीट पाहा. मोठ्या कडीतून मधली, मधलीतून लहान, लहानीला अडवून धरणारा कापडी लूप आणि त्या लूपमधून गेलेली पिवळी केबल. प्रत्येक कडी तरफेप्रमाणे भार कमी करत जाते, म्हणूनच अख्ख्या शरीराचे वजन पेलणारी जोडणी एका हाताच्या ओढीने सुटते. पॅराशूटची साधने बनवणारे अमेरिकेचे बिल बूथ यांनी सत्तरच्या दशकात ही रचना केली. त्याच दशकात अमेरिकेत दर वर्षी सरासरी चाळीसहून अधिक जण या छंदात जीव गमावत. २०२३ मध्ये सुमारे साडेछत्तीस लाख उड्यांमध्ये १० जण गेले. मधल्या काळात आपण अधिक शूर झालो असे मला वाटत नाही. आपण स्वतःला अधिक बांधून घेतले.

राहिला मताच्या वजनाचा प्रश्न. ऑस्ट्रियाचे स्कायडायव्हर फेलिक्स बाउमगार्टनर यांनी १४ ऑक्टोबर २०१२ रोजी ३८,९६९ मीटरवरून उडी घेतली आणि त्यानंतर लवकरच एका मुलाखतीत लोकशाहीपेक्षा सौम्य हुकूमशाही बरी अशा आशयाचे मत मांडले. दोन वर्षांनी गूगलचे अधिकारी ॲलन यूस्टेस फारसा गाजावाजा न करता ४१,४१९ मीटरवरून खाली आले. उंचीवरच मते तोलायची असतील, तर यूस्टेस यांचे मत सुमारे अडीच किलोमीटरने भारी ठरते, आणि ते काय आहे हे विचारायला कोणी गेल्याचे मला आठवत नाही.

मुक्तपतन :
सव्वातीनशे उड्यांच्या शिदोरीवर एवढे लांब व्याख्यान दिल्याबद्दल अभिनंदन. उंचीचा मुद्दा मी मांडलाच नव्हता. मी निर्णय घेण्याच्या सवयीबद्दल बोलत होतो. मुख्य पॅराशूट पीळ पडून उघडले आणि गरगर फिरू लागले, तर ते सोडून द्यायचे की सोडवत बसायचे हे काही सेकंदांत एकट्याने ठरवावे लागते. तेथे समिती बसत नाही आणि परिपत्रकही निघत नाही. २०२० मध्ये मोकळ्या माळावरची आमची उड्डाणे ज्या कार्यालयाने बंद केली, तेथल्या एकाही माणसाने कधी असा निर्णय घेतला नसेल, याची मला खात्री आहे.

माझ्या २,६०० उड्या झाल्या आहेत आणि मी एएडी, म्हणजे राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे यंत्र, वापरत नाही. स्कायडायव्हरांची अमेरिकन संघटनाही परवानाधारकाला त्याची सक्ती करत नाही. माझा जीव, माझा निर्णय. त्यात कोणाचेही नुकसान नाही. आणि एकीचे उदाहरण हवे असेल तर २००६ मध्ये थायलंडमध्ये ४०० जणांनी हवेत एकमेकांना धरून विक्रम केला, तो आठवा. कोण कोणाला मत देतो हे तेथे कोणी विचारले नव्हते.

तिसरी कडी :
त्या ४०० जणांतल्या प्रत्येकाची जागा आधी ठरलेली होती, कोणी कोणाचा हात किंवा पाय धरायचा हे ठरलेले होते, आणि ज्याने स्वतःच्या मर्जीने आत घुसण्याचा प्रयत्न केला असता त्याला पुढच्या प्रयत्नात घेतले नसते. आपल्या खेळातला सर्वांत कमी स्वतंत्र क्षण तुम्ही स्वातंत्र्याचा दाखला म्हणून दिला आहे.

जुना रिगर :
एएडीचे नाव निघालेच आहे, तेव्हा मूळ चर्चा थोडी बाजूला ठेवण्याची परवानगी असावी. ‘कोणाचेही नुकसान नाही’ हे वाक्य मी तीस वर्षांत इतक्या वेळा ऐकले आहे, की ते बोलणाऱ्याच्या राखीव पॅराशूटची घडी घालताना माझे हात आपोआप सावकाश चालतात.

सायप्रस नावाचे एएडी १९९१ मध्ये बाजारात आले. अनुभवी माणसांसाठीच्या त्याच्या मूळ रूपात हिशेब साधा आहे: सुमारे २२५ मीटरवर माणूस अजूनही सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगाने पडत असेल, तर आतली छोटी सुरी राखीव पॅराशूटचा बंद लूप कापते. पोटावर झोपून पडणाऱ्याचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे यंत्र जागे होते तेव्हा जमीन जेमतेम चार सेकंदांवर असते. त्या वेळी तुमचा निर्णयशक्तीचा सराव कामाचा नसतो, कारण हवेत कोणाच्या तरी गुडघ्याचा फटका डोक्याला बसून तुम्ही बेशुद्ध झालेले असता. असा कापला गेलेला एक लूप मी स्वतः हातात घेतला आहे. त्याची टोके चाकूने चिरल्यासारखी सरळ होती. तो वापरणारा माणूस समोर बसून पाणी पीत होता आणि त्याला शेवटचे काय आठवते, तर विमानाचे दार.

नुकसान कोणाचे होते म्हणता? तुम्ही पडलात तर तुम्हाला उचलायला जाणारे दोघे, त्या फेरीचा वैमानिक, तुमची घडी घालणारा मी आणि टँडमच्या, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घ्यायच्या उडीच्या, रांगेत उभी असलेली एखादी अनोळखी मुलगी, एवढे तर मी बसल्या बसल्या मोजू शकतो.

वारामापक :
रिगरसाहेबांविषयी आदर आहे, पण भावनेच्या भरात सक्तीचे समर्थन होऊ नये. विद्यार्थ्यांना आणि टँडमला यंत्र हवेच, त्याबद्दल वाद नाही. ज्यांच्या नावाची कडी वर मिरवली गेली त्या बूथ यांचेच प्रसिद्ध निरीक्षण असे आहे, की साधने जितकी सुरक्षित होतात तितकी माणसे अधिक जोखीम घेतात आणि मरणाऱ्यांचे प्रमाण आहे तेथेच राहते. यंत्र पाठीवर आहे म्हणून उघडायला उशीर करणारे मी पाहिले आहेत. आज अपघातांचा मोठा वाटा धडधाकट, पूर्ण उघडलेल्या पॅराशूटखाली जमिनीजवळ घेतलेल्या वळणांचा आहे, आणि तेथे तुमची सुरी काय कापणार?

शिवाय माझा स्वतःचा अनुभव सांगतो. माझे मुख्य पॅराशूट रेंगाळत उघडत होते आणि नेमक्या त्या वेळी यंत्राने राखीव बाहेर काढले. दोन्ही शेजारी शेजारी उघडली. मी श्वासही जपून घेत, हात न हलवता खाली आलो. त्यांनी एकमेकांत गुंतायचे ठरवले असते, तर यंत्रानेच मला मारले असते.

जुना रिगर :
आपण किती उंचीवर उघडलेत, एवढेच सांगावे.

वारामापक :
सतराशे फुटांच्या आसपास.

जुना रिगर :
२०१३ मध्ये अमेरिकन संघटनेने अनुभवी परवानाधारकांसाठी पॅराशूट उघडण्याची किमान उंची २,००० वरून २,५०० फूट केली, कारण नवी पॅराशूट सावकाश उघडतात आणि यंत्र जागे होण्याच्या उंचीशी अंतर उरत नाही. तेव्हा ‘उंची गेली, स्वातंत्र्य गेले’ असा गळा काढणाऱ्यांत आपणही होतात, हे मला चांगले आठवते. आपल्यावर दुसरे पॅराशूट यंत्राने नव्हे, आपल्या आठशे फुटांच्या उशिराने उघडले.

वारामापक :
आपण माझ्या त्या उडीच्या वेळी तेथे नव्हतात. जो माणूस गेली दहा वर्षे शिवणयंत्रापुढून उठलेला नाही, त्याने हवेतल्या उशिरावर बोलू नये.

जुना रिगर :
त्या शिवणयंत्रावरच आपल्या हार्नेसचा पट्टा दुरुस्त झाला आहे. आवडत नसेल तर उसवून देतो.

तिसरी कडी :
मूळ प्रश्न उडीला गेला आहे आणि परतण्याची चिन्हे नाहीत. तरीही ‘वारामापक’ यांचे एक म्हणणे मला मान्य करावे लागते: आकडा कमी होण्याचे सारे श्रेय मी साधनांना आणि नियमांना दिले, पण उघड्या पॅराशूटखालच्या मृत्यूंचे काय, याचे उत्तर माझ्याकडे नाही. हे मान्य करताना मला मुळीच आनंद होत नाही.

छोटे विमान :
सर्वांनी आपापले दुःख मांडून घेतले असेल, तर माझेही ऐकून घ्यावे. राजकारण मॅटवर नको म्हणणारे ज्या सेसना १८२ मध्ये चढतात तिच्या टाकीत शिसे असलेले इंधन असते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा विमानांच्या धुरातले शिसे सार्वजनिक आरोग्याला घातक असल्याचा निष्कर्ष अधिकृतपणे काढला. त्याआधीच २०२२ च्या सुरुवातीपासून कॅलिफोर्नियातील सांता क्लारा परगण्याने आपल्या विमानतळांवर या इंधनाची विक्री थांबवली होती. मोठ्या केंद्रांकडे टर्बाइनची विमाने आहेत, त्यांना याची झळ नाही. बंदी आली तर आमच्यासारखी एका सेसनावर चालणारी मैदाने आधी बंद पडतील, आणि बंदी आली नाही तर धावपट्टीशेजारी वाढणारी मुले ते शिसे श्वासात घेतील. मी दोन्ही बाजूंनी अडकलो आहे आणि त्यावर बोलायला गेलो की मला ‘ढग बघ’ असे सांगितले जाते.

मुक्तपतन :
इंधनाचा मुद्दा मी स्वतःच लिहिला होता, हे आपण वाचलेले दिसत नाही.

छोटे विमान :
वाचले. आपण तो एका शब्दात उरकला होता.

पिन तपासणी :
मी मॅटवरच्या राजकारणावर बंदी असावी या बाजूचा आहे आणि त्यामागे तत्त्व नाही, एक प्रसंग आहे. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियन खेळाडूंना स्पर्धांत घ्यावे की नाही यावरून माझे आणि माझ्या जुन्या जोडीदाराचे मॅटवर कडाक्याचे भांडण झाले. त्यानंतर तीन आठवडे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. एकाच फेरीत असलो तरी विमानाच्या दोन टोकांना बसायचो. एके दिवशी जागेअभावी तो माझ्यासमोर आला. तीन हजार मीटरच्या सुमारास माझे लक्ष त्याच्या छातीच्या पट्ट्याकडे गेले. पट्टा बकलच्या दांडीला वळसा घालून परत यायला हवा, तो सरळ आरपार गेलेला होता. वरून सगळे ठाकठीक दिसत होते, पण पॅराशूट उघडण्याच्या झटक्याने तो सुटला असता.

मी बोललो नाही. किती वेळ, ते नक्की सांगता येत नाही, पण विमान एक पूर्ण वळण घेईपर्यंत तरी. दुसरे कोणीतरी पाहील, असे मनाशी म्हणत राहिलो. मग त्याच्या गुडघ्यावर हात मारून पट्ट्याकडे बोट दाखवले. ज्यांच्या डोळ्यांवर आपला जीव अवलंबून आहे त्यांच्याशी मला युद्ध, निवडणुका किंवा शिसे यांवर भांडायचे नाही. एवढेच माझे म्हणणे आहे.

तिसरी कडी :
मला यातून उलटे दिसते. अबोला वादामुळे धरला गेला नाही, वाद अर्धवट टाकून विमानाची दोन टोके गाठल्यामुळे धरला गेला.

पिन तपासणी :
तो वाद पुरा केला असता, तर अबोला जन्माचा झाला असता. आपण त्या माणसाला ओळखत नाही.

मुक्तपतन :
या प्रसंगापुरते सांगतो, की समोरच्याचा पट्टा पाहणे हे माझ्या ‘एकट्याच्या निर्णयात’ मी धरले नव्हते. यापलीकडे माघार घेण्याचा माझा विचार नाही, आणि एएडीबाबत तर अजिबात नाही.

छोटे विमान :
त्या जोडीदाराने निदान आभार तरी मानले का?

पिन तपासणी :
नाही. खाली उतरल्यावर, पॅराशूट गोळा करता करता त्याने एवढेच विचारले, की पट्टा दिसल्यावर तू किती वेळ थांबला होतास. मी म्हणालो, लगेच सांगितले.