प्रागला बाळ येशूपुढे खरंच कोणी हात जोडतं का, की नुसते सेल्फी?

जेलरोडकर:
मंडळी, ऑफिसच्या कामाने पुढच्या महिन्यात चार दिवस प्रागला चाललोय. आम्ही ख्रिश्चन नाही, पण घर नाशिकरोडला, आणि ताईच्या बाळंतपणात आईने इथल्या चर्चमधल्या बाळ येशूला नवस बोललेला, तेव्हापासून मुक्तिधाम झालं की तिकडे मेणबत्ती लावायची हा तिचा नेमच. आता तिला कुणीतरी सांगितलंय की बाळ येशूची मूळ मूर्ती प्रागच्या चर्चमध्येच आहे, झालं, कालपासून मशीनवर बसून झबलं शिवतेय, पिवळं, जरीच्या काठाचं (जुन्या पैठणीचा पदर कापला बाईने!). तिकडे सगळे टुरिस्टच असणार, मी झबलं घेऊन उभा राहिलो तर येडाच दिसेन ना? कोणी गेलंय का?

पोहेवाली_परदेशात:
दोनदा गेलेय. माला स्ट्राना भागात, २२ नंबरची ट्राम, हेलिखोवा स्टॉप. खरं सांगू, पहिल्यांदा निराशाच झाली, चेक लोक तसे फारसे धार्मिक नाहीत, ग्रुप येतात, गाईड बोलतो, फोटो, पाच मिनिटांत बाहेर. मूर्ती उजव्या बाजूच्या वेदीवर, एवढीशी, ४७ सेंटीमीटर, लाकडावर मेणाचा थर. दुसऱ्यांदा सकाळी लवकर गेले तर एक बाई गुडघ्यावर, हातात कुणाचा तरी पासपोर्ट साइज फोटो, ओठ हलतायत. मागून चाळीसेक जणांचा ग्रुप आला, गेला, हिने मान वळवली नाही. मी गपचूप फोन पर्समध्ये टाकला.
झबल्याचं टेन्शन घेऊ नकोस, वरच्या म्युझियममध्ये जगभरातून आलेले पोशाखच मांडलेत. कपडे नन्स बदलतात, चर्चच्या सणांप्रमाणे रंग. आपण फक्त देऊन यायचं.

खुशालचेंडू:
चर्चमध्येच दुकान आहे, मूर्ती विकतात. सगळा बाजार.

पोहेवाली_परदेशात:
त्र्यंबकला काय फुकट वाटतात का?

वसईचा_पाव:
आम्ही फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी नाशिकच्या यात्रेला येतो. मराठी मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) असते, पण बाहेर ढकलाढकली, खेळणी, भजी, मला वाटायचं ह्यात भक्ती कुठली. एकदा रांगेत माझ्यापुढे नऊवारीतली आजी, क्रुसाची खूण करता येत नव्हती, सरळ डोकं टेकलं आणि मूर्तीला म्हणाली, “पोरा, थंडी आहे रे, बरा आहेस ना?” मी लहानपणापासून नोवेना (नऊ दिवसांची प्रार्थना) म्हणतोय, असं विचारायचं कधी सुचलं नाही.
आणि प्रागची मूर्ती पोलिक्सेना नावाच्या बाईने १६२८ मध्ये कार्मेलाइट संन्याशांच्या मठाला दिली, तिला ती तिच्या आईने लग्नात दिलेली. त्यामुळे आईचं झबलं न्यायला लाजू नकोस भावा.

जेलरोडकर:
आईला सगळं वाचून दाखवलं. आता विचारतेय, ४७ सेंटीमीटर म्हणजे किती वीत. मोठं झालंय म्हणे, उसवायला बसलीये.