बासरी, टिन व्हिसल, केना आणि शाकुहाची एकत्र: पट्टी कोणती धरावी?

रानवेणू (प्रश्न)
चौघांची चार वाद्यं आहेत: पांढरी तीनची (ई) बासरी, आयरिश टिन व्हिसल (डी), अँडीजकडची केना (जी) आणि जपानी शाकुहाची (1.8, म्हणजे लांबी 1.8 शाकू; शाकू हे जपानी माप). कार्यक्रम करायचा नाही, मजेसाठीच वाजवायचं आहे. पण एकाच्या सोयीची पट्टी दुसऱ्याला जड जाते, आणि पट्टी जुळली तरी सूर एकमेकांना घासतात. सुरुवात कुठून करावी?

सुषिर
पांढरी तीन बाजूला ठेवा, पांढरी पाचची (जी) मध्यम बासरी घ्या. तिची सहाही छिद्रं बंद केली की मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) येतो, म्हणजे डी. व्हिसलचाही सगळ्यात खालचा सूर डीच, फक्त एक सप्तक वर. त्यामुळे दोघांची बोटं जवळजवळ सारखीच पडतात. केना पूर्ण बंद केली की जी, तोच तुमचा षड्ज.

मग भूप राग घ्या: सा रे ग प ध, म्हणजे जी, ए, बी, डी, ई. या जोडीत खरा अडथळा शुद्ध मध्यमाचा असतो. बासरीवर तो वरचं छिद्र अर्धं उघडून काढावा लागतो, व्हिसलवर वरचं उघडं ठेवून पुढची दोन दाबावी लागतात. दोन्ही क्वचितच एका जागी लागतात. भूपात मध्यमच नाही, म्हणून सगळे सरळ बोटांनी वाजवू शकतात.

चाल मध्य सा ते ध एवढ्यातच ठेवा. केनाला षड्जाच्या खाली जाता येत नाही.

बासरी मागवताना एक पाहा. काही परदेशी विक्रेते सहाही छिद्रं बंद असतानाच्या सुरावरून नाव देतात, आपण तीन बंद असतानाच्या सुरावरून. वरची तीन दाबून ट्यूनरवर जी दिसला पाहिजे.

बांबूबन
शाकुहाचीबद्दल. 1.8चे सरळ सूर डी, एफ, जी, ए, सी. वरच्या भूपातले त्यातले तीनच, सा रे प. मान झुकवून सूर उतरवला (याला मेरी म्हणतात) की एफचा ई आणि सीचा बी मिळतो, पण तो सूर दबका येतो आणि नवख्याच्या हातून डळमळतो. तेव्हा तिला लांब सा आणि प द्या, शोभतं. 1.6ची मिळाली तर प्रश्नच मिटला: ई, जी, ए, बी, डी, हाच भूप.

उलट 1.8च हवी असेल तर एफला षड्ज धरला की तिच्यावर सरळ भूप येतो, सीला धरला तर दुर्गा राग. पण मग व्हिसलवाल्याला एफसाठी अर्धं छिद्र करावं लागेल, आणि ते वेगात जमत नाही.

रानवेणू
आणि सूर घासण्याचं काय?

सुषिर
व्हिसलला ओठांनी सूर हलवता येत नाही, म्हणून बाकीच्यांनी तिच्याशी जुळवा. तिचा प्लास्टिकचा मुखभाग गरम पाण्यात धरला की डिंक सुटतो. मग तो किंचित बाहेर ओढला की सूर उतरतो. बासरी ओठांकडे वळवली की उतरते, बाहेर वळवली की चढते.

हवेचं तापमान 10 अंशांनी वाढलं की सूर साधारण 30 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो. म्हणून जुळवण्याआधी 5 मिनिटं प्रत्येकाने आपलं वाद्य फुंकून गरम करावं. थंड जुळवलेलं दुसऱ्याच गाण्यात चढलेलं निघतं.

तानपुरा अॅप लावून आधी सा आणि प स्थिर करा, ग सर्वात शेवटी. तानपुऱ्यात ऐकू येणारा ग ट्यूनरच्या बीपेक्षा सुमारे 14 सेंट खाली असतो. सगळ्यांनी ट्यूनर पाहून ग धरला तर तो तानपुऱ्याशी थरथरतोच. बासरी आणि केना यांनी कानाने तो उतरवावा, व्हिसलने ग वर थांबूच नये.

बांबूबन
व्हिसलचं वरचं सप्तक तीक्ष्ण असतं, तिला सर्वात मागे बसवा. आणि एका वेळी एकानेच अलंकार घ्यावेत. बासरीची मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि व्हिसलचे कट (बोट क्षणभर उचलून दिलेले झटके) एकाच जागी आले की दोन्ही फुकट जातात. केहरवा तालाची दोन आवर्तनं एकाने, पुढची दोन दुसऱ्याने, बाकीच्यांनी सा-प धरून.